हुकण्याची जागा

मोगामीचा तो चेंडू मला अजून झोपेत येतो. घाई म्हणून नाहीच त्याला. हातातून सुटतो आणि वाटेत कुणाशी तरी बोलत बोलत आल्यासारखा रमतगमत येतो. छातीच्या उंचीवर, जेवणाच्या ताटाएवढा मोठा दिसतो. मी मनात म्हणतो, आज काही याला सोडत नाही. बॅट फिरते, आणि नेमका तेव्हाच तो खाली बसतो, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा. बॅटपुढे नुसती हवा. मग मला जाग येते आणि शेजारून बायको म्हणते, "पुन्हा तोच ना? कूस बदला."

मी इनुई. वीसेक वर्षं बेसबॉल खेळून पोट भरलं. डावखुरा फलंदाज, आणि स्वतः सांगू नये, पण बरा होतो. मोगामी शूहेई हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, समुद्राकडच्या दुसऱ्या संघात. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर जड जातो, एवढं समजलं की मोगामीचं सगळं करिअर समजलं. सामना अटीतटीला आला आणि माझी पाळी आली की त्यांचा मॅनेजर डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवरून, निघून पंचांच्या कानाशी लागायचा. मैदानाच्या टोकाला कुंपणाचं दार उघडायचं, त्यातून एक छोटी गाडी निघायची आणि तीत मांडीवर हात ठेवून हा बसलेला. माझ्यापुरते चार-पाच चेंडू टाकायचा, मला बाद करायचा आणि गाडीत बसून परत जायचा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचं नाव बारीक अक्षरांत असायचं आणि माझी मान खाली घातलेला फोटो चांगला मोठा.

त्यातून तो माझा शाळेतला सीनियर. एका वर्षाने मोठा. आमच्याकडे एका वर्षाने मोठा असणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच विचारा. तोत्तोरीतली आमची शाळा, वाळूच्या टेकड्यांपासून सायकलने जवळ. पहिल्या वर्षाच्या पोरांनी त्या टेकड्यांवर धावायचं, संध्याकाळी सीनियरांचे कपडे धुवायचे आणि ते म्हणतील त्याला 'हो' म्हणायचं. मोगामीच्या कपड्यांतली वाळू मी किती धुतली असेन, देव जाणे. तोंडावर मी त्याला 'मोगामीसान, तुम्ही' म्हणायचो, आजही म्हणतो. पाठीमागे 'तो' म्हणतो. तेवढी सूड घेण्याची सोय माणसाला हवीच.

त्याच्या घरची नासपतीची बाग होती. उन्हाळ्याच्या तोंडाला एकेका फळाला कागदाची पिशवी बांधायची असते, त्या कामाला आमचा अख्खा संघ जुंपला जायचा. दुपार कलली की सगळी बाग पांढऱ्या पिशव्यांनी भरून जायची आणि वारा आला की सगळीकडून बारीक खसखस ऐकू यायची. त्या खसखशीत, झाडांच्या दोन ओळींमध्ये उभा राहून त्याने मला पहिल्यांदा तो चेंडू दाखवला. मी मोडक्या शिडीचा दांडा घेऊन उभा होतो. चेंडू आला, मोठा झाला, आणि बसला. मी दांडा फिरवून स्वतःभोवती गिरकी घेऊन पडलो. पिशव्या खसखसत राहिल्या. त्याची आई हसत हसत शिडीवरून उतरली आणि मला उठवून जवाचा थंड चहा दिला. मला तेव्हा वाटलं होतं, हे शिकून घेऊ, चार दिवसांत जमेल. चार दिवस कसले नि काय.

आणि मग एका शरदात पेपरात बातमी आली की मोगामी निवृत्त होतोय. खांदा गेला होता. शेवटचा सामना त्यांच्याच बंदरावरच्या मैदानावर, आमच्या संघाशी.

निरोपाच्या सामन्याची आमच्याकडे एक रीत आहे. जाणाऱ्या पिचरने एकाच फलंदाजाला चेंडू टाकायचे आणि त्या फलंदाजाने तीनदा हुकून बाद व्हायचं. तेही नुसतं उभं राहून नाही. जीव तोडून बॅट फिरवायची आणि हुकायचं. चेंडू बघत उभा राहिलात तर त्याचा अपमान, आणि मारलात तर मग बघायलाच नको. हे कुठे लिहिलेलं नाही. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर 'चेहरा फार उतरलाय हो' असं म्हणू नये, हे तरी कुठे लिहिलंय? ज्याला कळत नाही त्याला लोक वर्षानुवर्षं नावं ठेवतात.

फलंदाज म्हणून माझंच नाव ठरलं. दुसरं कुणाचं ठरणार? सामना संपल्यावर आमच्या संघातर्फे त्याला फुलांचा गुच्छही मीच द्यायचा होता.

सामना दुपारचा होता. सरावाच्या वेळी मी जाळीपाशी उभा असताना तो आला. केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली सूज, हातात अर्धा खाल्लेला भाताचा गोळा.

"बारीक झालायस," तो म्हणाला.

"तुम्ही जाड झालात, म्हणून वाटत असेल."

तो हसला, गोळा संपवला, बोटं चाटली, आणि मग इतक्या हळू आवाजात बोलायला लागला की मला पुढे वाकावं लागलं. त्याच्या क्लबने त्याला नोकरी देऊ केली होती. सरावात आपल्याच फलंदाजांना चेंडू टाकायचे, त्यांना मारता येतील असे, रोज, दिवसभर. चांगली नोकरी, पगार ठरलेला, घर आहे तिथेच, मुलीची शाळा आहे तिथेच. आणि दुसरीकडून शिकोकू बेटावरच्या एका छोट्या संघाचा निरोप होता: आमच्याकडे ये, अजून एक-दोन वर्षं खऱ्या सामन्यात टाक. मैदान शेताशेजारी, प्रवास बसने, पैसे नावाला. बायकोने सांगितलं होतं, मी कुठेही येते, पण खोट्यावर नेऊ नका. उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं, तो चेंडू अजून बसतो की नाही.

मी म्हटलं, तुमच्याकडे कोच आहेत, चेंडू झेलणारे कॅचर आहेत, त्यांना विचारा.

तो म्हणाला, विचारलं. सगळे म्हणतात, अजून आहे, अजून आहे. सराव घेणाऱ्या कॅचरांचं कामच ते. ग्लोव्ह असा वाजवायचा की मेलेला चेंडूही जिवंत वाटावा, आणि वर ओरडायचं, 'नाईस बॉल!' पिचरचं मन राखायचं म्हणून त्यांना पगार मिळतो.

"यंदा आवाज छान येतोय," तो म्हणाला. "पण ग्लोव्ह पूर्वीपेक्षा जरा वर धरतात रे, चेंडू पूर्वीएवढा खाली येत नसल्यासारखा. मी बघितलं."

"मग तुम्हाला कळलंच की."

"कळलं नाही. संशय आला. संशयावर माणूस बायको-मुलीला घेऊन शिकोकूला जात नाही, आणि संशयावर चेंडू टाकायचा सोडतही नाही." त्याने माझ्या छातीवर बोट ठेवलं. "आज खरं खेळ. बसणारा चेंडू मी टाकणारच. तो मारायला जा."

"लोक मला फाडून खातील."

"खाऊ देत. तुझं मांस निबर आहे."

"मोगामीसान, असं करत नाहीत."

"तुझे सीनियर ते लोक की मी?"

मी 'हो' म्हटलं. त्याच्यापुढे मला दुसरा शब्द कधी आलाच नाही.

तो वळला आणि मागून आमचे बॅटिंगचे कोच आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, चेंडूच्या वरून फिरव, चांगली वरून, म्हणजे काळजी नको. कमी होतं म्हणून की काय, कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर मोगामीची आई भेटली. आधीच लहानखुरी, ती आता आणखी लहान झाली होती. दोन्ही संघांसाठी नासपतीच्या पेट्या घेऊन तोत्तोरीहून एकटी आली होती. मला बघून कमरेत वाकली आणि म्हणाली, "आज आमच्या शूहेईला सांभाळून घ्या हं." मीही वाकलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं माझं. सीनियरचं ऐकावं तर आई समोर, आणि आईचं ऐकावं तर उद्या सकाळी हा माणूस खोट्यावर निघणार.

सामन्यात काय झालं ते मला आठवत नाही. दोन्ही संघ तळाशी होते, हरलं काय नि जिंकलं काय. मला आठवतो तो उजेड. ऑक्टोबरचा, मधासारखा, समुद्राकडून तिरका येणारा. त्यात कुठूनशा लाल चतुरांच्या झुंडी आल्या आणि मैदानभर तरंगायला लागल्या. एक चतुर पहिल्या बेसवर बसला आणि तिथला खेळाडू त्याला त्रास नको म्हणून बाजूला उभा राहिला. बंदरात एखादी बोट मधूनच हंबरायची. आठव्या डावात माझी पाळी आली तेव्हा दिवे लागले होते, पण आभाळातला उजेड अजून मावळला नव्हता. दोन्ही उजेड एकमेकांत मिसळले होते आणि कुणाचीच सावली नीट पडत नव्हती.

लाउडस्पीकरवरच्या बाईंनी त्याचं नाव घेतलं. रोजच्यापेक्षा हळू, एकेक अक्षर सोडवत. कुंपणाचं दार उघडलं. छोटी गाडी निघाली. त्यांचे लोक गात होते, आमचेही लोक गात होते, तुताऱ्या वाजत होत्या. पण मला तो आवाज पाण्याखालून ऐकल्यासारखा येत होता. गाडी येतच राहिली. मला वाटलं, ही पोचू नये. अशीच हिरवळीच्या कडेकडेने फिरत राहावी, आणि मी इथे बॅट घेऊन उभा राहावं, आणि आम्ही दोघांनी म्हातारंच होऊ नये.

तो चेंडू टाकायच्या उंचवट्यावर चढला. चेंडू दोन्ही तळव्यांत घोळवला. त्या क्षणी मी ठरवून टाकलं, हुकायचं.

त्याच्या आईसाठी नाही, कोचसाठी नाही, लोकांसाठी तर नाहीच. खरं सांगतो, माझ्यासाठी. मी हुकलो की त्याला वाटेल चेंडू बसतोय, तो शिकोकूला जाईल, शेताशेजारच्या मैदानावर टाकत राहील. आणि तो कुठेतरी टाकतोय म्हटल्यावर ती बाग, त्या पिशव्या, तो मोडक्या शिडीचा दांडा, सगळं कुठेतरी चालूच राहील. त्याची बायको काय म्हणाली होती ते मला आठवत होतं. मी ते बाजूला सारलं. माणूस प्रेमापोटी किती लबाड होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पहिला चेंडू सरळ आला. इतका हळू की हुकण्यासाठी मला थांबावं लागलं. मी बॅट फिरवली, मैदान गरजलं. दुसरा बाहेरून गेला, तो सोडला. तिसरा पुन्हा सरळ, पुन्हा हुकलो, आणि या वेळी हेल्मेट पडेपर्यंत गिरकी घेतली. लोक खूश. मोगामी खूश नव्हता. मी त्याचे बूट नीट पुसले नाहीत की शाळेत तो जसा बघायचा तसा बघत होता. कॅचरने खूण केली, त्याने मान हलवली. दुसरी केली, पुन्हा हलवली. तिसऱ्या खुणेला होकार दिला. तो चेंडू येणार, हे माझ्यासारखंच सगळ्या मैदानाला कळलं.

आता नाटक नको, असं मी ठरवलं. नाटक त्याला कळतंय. पण याला नाटकाची गरजच काय? हा चेंडू हुकणं मला तोंडपाठ होतं. कुठल्या उंचीवर, कुठल्या क्षणी, छातीपासून किती लांब, सगळं. माझ्या घराचं दार मी अंधारात चाचपडून शोधेन, पण हुकण्याची ती जागा मला झोपेतही सापडते, रोज सापडते. आयुष्यभर जिथे बॅट फिरवली आणि हवा मिळाली, तिथेच आज फिरवायची. जीव तोडून. मग मी खरा मारायला गेलो होतो की नाही, हे प्रत्यक्ष देवालाही कळणार नाही.

चेंडू सुटला. आला, कुणाशी तरी बोलत बोलत. त्याची शिवण मला दिसली. एक चतुर त्याच्या वाटेतून बाजूला झालेला दिसला. चेंडू मोठा झाला, छातीशी आला, ताटाएवढा झाला. आता बसेल, मी म्हटलं, आता बसेल, आणि मी बॅट फिरवली, आमच्या जुन्या जागी, सगळी ताकद लावून.

तो बसला नाही.

हातांना काहीच लागलं नाही. चेंडू बॅटच्या बरोबर मध्यावर आला की असंच होतं, हाताला काही कळत नाही, फक्त आवाज येतो. तो आवाज आला आणि त्यामागोमाग दुसरा कुठलाही आवाज आला नाही. तुताऱ्या थांबल्या. चेंडू वर गेला, दिव्यांच्या उजेडातून आभाळाच्या उजेडात, आणि उजवीकडच्या कुंपणापलीकडे, रिकाम्या खुर्च्यांमध्ये पडला. तिथे तो खुर्चीवर आपटून उडाल्याचं खट्ट मला इथवर ऐकू आलं.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. होमरन झाल्यावर चारही बेसला फेरी मारावी लागते, त्यातून सुटका नाही. मी धावलो. धावलो म्हणजे काय, पाय स्वप्नात चालतात तसे चालले. पहिला बेस. चतुर उडाले. दुसरा बेस. कुणीतरी वरून म्हणालं, "लाज नाही वाटत?" ओरडलंही नाही, नुसतं म्हणालं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्याच संघातले लोक डगआउटमध्ये आपापले बूट बघत होते. तिसऱ्या बेसला वळलो तेव्हा मला नाइलाजाने त्याच्याकडे बघावं लागलं. त्याने टोपी काढली होती. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि मी फेरी संपवून होमला पोचेपर्यंत वाकलेला राहिला.

उरलेला सामना मी बाकावर बसून काढला. शेजारी कुणी बसलं नाही.

मग दिवे मंद केले, उंचवट्यावर एकच झोत ठेवला. त्याने भाषण केलं, छोटंसं. आईचे आभार, बायको-मुलीचे आभार, अडखळत. मग माझं नाव पुकारलं. मी गुच्छ घेऊन निघालो आणि चारी बाजूंनी छी-थू सुरू झाली. इतक्या वर्षांत एवढे लोक माझ्या एकट्यावर कधी ओरडले नव्हते. ओरडा म्हटलं. बाकी कुणी ओरडलं नसतं तर मी स्वतःच ओरडलो असतो. चालता चालता मला एकच दिसत होतं: उद्या सकाळी हा नोकरीला 'हो' म्हणणार, त्याला वाटणार की इनुईने शब्द पाळला, खरं खेळला, मारायला गेला आणि मारला. आणि मी तर शब्द मोडायला निघालो होतो.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि वाकलो. तोही वाकला. दोघांची डोकी जवळ आली. माइक लांब होता.

"मोगामीसान," मी म्हणालो, "मी मारायला गेलो नव्हतो. हुकायला गेलो होतो. तुम्हाला दिलेला शब्द मोडला मी."

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. मी मुद्दाम..."

"अरे गाढवा, ती जागा मला माहीत नसेल?" तो वाकलेलाच होता. आवाज हसरा होता, पण ओला होता. "इतकी वर्षं तू तिथेच हुकत आलायस. मारायला म्हणून आला असतास तर बॅट खाली आणली असतीस, चेंडू शोधत. मग मला काय कळलं असतं? तू आपल्या जागेवर होतास, इनुई. चेंडूच बसला नाही."

मी गुच्छ छातीशी धरून वाकलेलाच राहिलो.

"सकाळी क्लबला 'हो' म्हणून सांगतो," तो म्हणाला. "मारता येतील असे चेंडू टाकायचेत म्हणे. जमेल असं दिसतंय."

मी फुलं पुढे केली आणि तिथेच, त्या झोताखाली, एवढ्या लोकांसमोर, लहान मुलासारखा रडलो. त्याने एका हाताने माझी मान धरून ठेवली. छी-थू हळूहळू थांबली. लोकांना वाटलं, मी माफी मागून रडतोय, आणि आमच्याकडचे लोक मनाने चांगले, ते टाळ्या वाजवायला लागले. मी रडत होतो ते माफीसाठी नाही. मला आता त्या चेंडूपुढे पुन्हा कधीच हुकता येणार नव्हतं.